बॅबिलोनचे पाहुणे

बॅबिलोनवर बोलायला येणाऱ्या पाहुण्यांऐवजी मी एसटी स्टँडवरून भलताच माणूस उचलून आणला आणि व्यासपीठावर बसवला. चूक माझी. माझ्या एकट्याची.

लातूर जिल्हा होऊन वर्षही उलटलं नव्हतं. उस्मानाबादेतून सुटल्याचा आनंद एवढा, की पानाच्या टपऱ्यांनीसुद्धा पाट्यांवर 'जि. लातूर' रंगवून घेतलं होतं. पाऊस मात्र जुना जिल्हा सोडायला तयार नव्हता म्हणा, किंवा कुठल्याच जिल्ह्यात यायला तयार नव्हता म्हणा. अशा दिवसांत आमच्या विभागप्रमुखांनी विद्यापीठाकडून 'प्राचीन जग' ही चर्चासत्रमाला खेचून आणली. पहिलं सत्र नांदेडला, दुसरं आमच्या कॉलेजात. मी तेव्हा तात्पुरता अधिव्याख्याता. दर जूनमध्ये नवं नेमणूकपत्र मिळेपर्यंत घरात सगळे श्वास रोखून बसायचे. प्रमुख म्हणाले, "हे सत्र नीट पार पाडा, तुमचं नाव कायमसाठी मी स्वतः पाठवतो." घरी सांगितलं तर बायकोनं आनंदानं वरणाला दोनदा फोडणी दिली.

"पाहुण्यांना ओळखता ना?" प्रमुखांनी विचारलं.

"म्हणजे काय सर! नांदेडला अगदी समोर बसलो होतो."

बसलो होतो, हे खरं. पण त्या दिवशी लातूरहून पहाटेच्या गाडीनं उभ्यानं गेलो होतो. पाहुणे बोलायला उभे राहिले आणि मी झोपलो. जाग आली ती टाळ्यांनी. मग सगळ्यांत जोरात मीच वाजवल्या. त्यांना चष्मा होता, एवढं मात्र छातीठोक सांगू शकत होतो.

आता, नवा जिल्हा म्हटल्यावर लातूरच्या स्टँडवर चष्मेवाल्यांचा नुसता पूर आलेला. रोज कुठल्या ना कुठल्या खात्याचा साहेब बॅग घेऊन उतरायचा. नांदेडच्या गाडीतून असेच एक उतरले. काखेत नकाशाची लांबलचक गुंडाळी. हा बॅबिलोनच! मी पुढं होऊन गळ्यात हार घातला.

"मला न्यायला आलात?" ते जरा दचकले.

"कवापासून वाट बघायलोय सर. हॉल भरलाय."

"हॉल? बरं, म्हणजे मीटिंग मोठी ठेवलेली दिसते," असं म्हणून ते सायकलरिक्षात बसले.

परिचय मी करून दिला. "ज्यांच्या बोटांना बॅबिलोनची माती लागलेली आहे," असं म्हणालो, तर पाहुण्यांनी आपली बोटं उलटसुलट करून पाहिली. मग उत्साहाच्या भरात मीच त्यांचा नकाशा फळ्यावर टांगला. दोन निळ्या रेघा ठळक दिसत होत्या. छडी उचलून मी सुरू झालो, "ही टायग्रिस, ही युफ्रेटिस, आणि या दोन नद्यांमधला हा सुपीक प्रदेश!"

दुसऱ्या रांगेतून एक विद्यार्थी उठला. "सर, सुपीक प्रदेशात औसा लिहिलंय."

हॉलमध्ये हशा फुटला. मी छडी आपटली. "शांतता! प्राचीन काळी एकाच नावाची गावं दोन-दोन असायची."

पाहुणे हळूच उठले आणि म्हणाले, "ही मांजरा आहे. ती तेरणा."

"तौलनिक पद्धत," मी प्रमुखांच्या कानात सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

मग पाहुणे बोलू लागले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा कसा वाहिला, त्याचे थरावर थर कसे बसले, काळ्या दगडाखाली मुरूम लागला तर पाणी कुठं सापडतं. प्रमुख खूष. "इतकं प्राचीन आपल्या मालेत कुणी घेतलं नव्हतं," म्हणाले. मागच्या बाकांवर नेहमी डुलक्या घेणारी पोरं वही उघडून बसली.

"सर, चाळीस हात गेलो, नुसता काळा फत्तर लागलाय," एकानं विचारलं. "आनखी खाली जाऊ का बंद करू?"

लगेच वीस हात वर. संयोजक या नात्यानं मी उठलो. "कृपया प्रश्न बॅबिलोनपुरते ठेवा."

"बॅबिलोनला काय करायचं सर? आमच्या हिरीला पानी न्हाई!"

तेवढ्यात शिपाई आत आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सर, बाहीर एक म्हातारे आलेत. स्टँडावर दोन तास बसले व्हते म्हनतेत. बॅबिलोन मीच, म्हनतेत."

माईकवरच्या पाहुण्यांनी चष्मा पुसला. "मी विहिरींच्या जागा बघायला आलेला भूवैज्ञानिक. मीटिंग कलेक्टर कचेरीत होती. जीपऐवजी सायकलरिक्षा आली तेव्हाच शंका आली होती. पण म्हटलं नवा जिल्हा आहे, सांभाळून घ्यावं."

हॉल इतका हसला, की खिडकीतली कबुतरं उडाली. मी प्रमुखांकडं पाहिलं नाही. जूनमधलं नेमणूकपत्रसुद्धा आता विसरायचं, हे मला कळून चुकलं.

खरे पाहुणे धुळीनं माखलेले आत आले, पहिल्या रांगेत बसले आणि म्हणाले, "त्यांचं होऊ द्या. पोरांना घाई आहे. बॅबिलोन बुडून पुष्कळ दिवस झाले." नंतर ते तासभर बोलले. तिथल्या कालव्यांवर. एकही पोरगा उठला नाही.

दुसऱ्या दिवशी मी प्रमुखांच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. ते माझ्याच शिफारशीच्या कागदावर सही करत होते.

"सर, एवढं होऊनही?" मी खिशातून रुमाल काढला.

"रडू नका. तुम्हाला काढलं तर दुसरं कॉलेज तुम्हाला घेईल, आणि मला त्यांची कीव येते," ते म्हणाले. "इथंच कुजा."