रिटर्नची वाट पाहणारा रेवणप्पा

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत घरबसल्या ऑनलाइन माल विकणारे आता गल्लोगल्ली सापडतील, आणि रिटर्न हा शब्द काढला की त्यातल्या कुणाचंही तोंड कडू होतं. व्हायलाच हवं. लोक लग्नाला पाहुणे यायचे म्हणून चादरी मागवतात, पाहुणे गेले की हळदीच्या डागांसकट परत पाठवतात आणि कारण लिहितात, 'रंग फोटोसारखा नाही'. एका बहाद्दरानं तर चादरीच्या पिशवीत जुनं पायपुसणं भरून पाठवलं होतं. त्यामुळे दुपारी कुरिअरवाला परतीचा माल घेऊन गल्लीत शिरला की धंदेवाले आत सटकतात. एकटा रेवणप्पा हत्तुरे तेवढा उंबऱ्यावर येऊन उभा राहतो. "आमचं काय हाय का रं?" असं विचारताना त्याचा चेहरा असा काही खुलतो, की कुरिअरवाल्यालाच अवघडल्यासारखं होतं.

पेठेनं त्याला कधीच येड्यात काढलं आहे. खरं कारण त्यानं कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा.

चादरींचं दुकान ऑनलाइन नेलं ते अक्षतानं, त्याच्या एकुलत्या एक लेकीनं. बार्शीच्या कॉलेजातून सुट्टीला आली, गच्चीवर दोरी बांधून चादरींचे फोटो काढले आणि बापाचा मोबाइल हातात घेऊन काय काय करत बसली. रेवणप्पा हसला होता. "हात लावून बगितल्याबगर चादर घेनारा मानूस मला दाखव की." तिनं आठ दिवसांत दाखवला. मग सुट्ट्यांमधल्या संध्याकाळी बापलेक समोरासमोर बसून चादरींच्या घड्या घालायचे. हत्तुऱ्यांची घडी वेगळी. रेवणप्पाच्या आईनं सुनेला आणि नातीला शिकवलेली. दोन्ही काठ आत जातात आणि शेवटचं टोक मध्ये असं खोचलं जातं, की चादर फेकली तरी घडी मोडत नाही. अख्ख्या पेठेत अशी घडी दुसरं कुणी घालत नाही, घालायला वेळ कुणाला आहे?

पुढे अक्षतानं कॉलेजातल्या धम्मदीपशी लग्न केलं. मुलगा बँकेत, शांत, सुपारीचंही व्यसन नाही. खोट काढायची तर जातीशिवाय काही सापडेना, आणि रेवणप्पानं नेमकी तीच काढली. "पुन्ना फोनसुदीक करू नको," असं म्हणून मोकळा झाला. लेक बापाच्याच वळणावर गेलेली, तिनं खरंच केला नाही. बसव्वानं नवऱ्याशी भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला, आणि शेवटी तीही गप्प झाली. लेकीचा जुना नंबर लागेनासा झाला होता. धम्मदीपची बदली नांदेडला झाली, एवढं कुठून तरी उडत उडत कानावर आलं. त्या घरात ताट वाढताना अजून कधी कधी तिसरं ताट मांडलं जायचं आणि मग ते उचललं जायचं.

अशात एके दिवशी नांदेडहून एक चादर परत आली. रेवणप्पानं पिशवी फाडली आणि तो तसाच बसून राहिला. दोन्ही काठ आत, टोक खोचलेलं. कारणाच्या जागी 'आवडली नाही' असं छापलेलं. ऑनलाइन विकणारी कंपनी गिऱ्हाइकाचं नाव दाखवत नाही, पत्ता दाखवत नाही, फक्त गाव दाखवते. पण घडीला नाव लागत नाही. त्यानं ती चादर नाकाशी धरली, चांगल्या धुण्याच्या साबणाचा वास आला, आणि एवढा मोठा बाप्या माणूस मालाच्या ढिगामागं तोंड लपवून रडला.

ती चादर त्यानं पुन्हा विकायला काढली नाही, ट्रंकेत ठेवली. मग तीन-चार महिन्यांनी आणखी एक आली, त्यानंतर आणखी एक. ती मागवायची, हाताळायची आणि परत पाठवायची. बापलेकीचं बोलणं काय ते एवढंच. ऑर्डर येताना तीच लेकीची आहे हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून रेवणप्पा नांदेडची प्रत्येक ऑर्डर स्वतःच्या हातानं निवडायचा, सूत तपासायचा, घडी घालायचा. नांदेडकरांची त्या काळात चंगळच झाली म्हणायची. लेकीचा नवा नंबर मात्र त्यानं शोधला नाही. नको म्हटलेलं आपणच, आता कुठल्या तोंडानं विचारायचं, हे त्याला सुटत नव्हतं.

आणि अशात कंपनीनं रिटर्नचे नियम पुन्हा फिरवले. कंपनीला दुसरा उद्योगच नसावा. आधी सात दिवसांत परत, मग दहा दिवसांत, मग डबा उघडून दाखवल्याशिवाय परत नाही. या खेपेला मात्र विकणाऱ्यांना खूश करणारा नियम होता. परत आलेला माल यापुढे कंपनीच्याच गोदामात जाईल, तिथून परस्पर विकला जाईल आणि विकणाऱ्याला ठरलेली भरपाई मिळेल. शेजारचा टॉवेलवाला सिद्धलिंग पेढे घेऊनच आला.

"सुटलो की रेवणप्पा! आता ती घान आपल्या दारात न्हाय."

रेवणप्पानं पेढा हातातच धरला. "ज्याला माल परत पायजे त्यानं काय करायचं?"

"हाय की, दुसरा परयाय बी ठिवलाय. भाडं दोन्हीकडचं आपुन भरायचं आन लई अटी. कोन येडा घील?"

सिद्धलिंगाची पाठ वळताच रेवणप्पानं दुसऱ्या पर्यायावर बोट दाबलं. खालच्या अटी वाचायचा त्याला धीरही नव्हता आणि चष्माही जवळ नव्हता. बसव्वा म्हणाली, "असं का वो करताव?" तो म्हणाला, "माल आपला हाय, आपल्याकडं यावा." त्याच्याकडे बघून ती आत निघून गेली.

पंधरवड्यानंतर नांदेडचा रिटर्न आला. चादर नव्हे, नुसती विनंती: 'आकार योग्य नाही.' खाली लाल अक्षरांत लिहिलेलं, विकणाऱ्यानं आज संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकाशी स्वतः फोनवर बोलून कारण समजून घ्यावं, नाहीतर माल गोदामात जमा होईल. न वाचलेल्या अटींतली पहिलीच अट ती होती.

रेवणप्पानं चष्मा लावून ते पुन्हा पुन्हा वाचलं. जेवायला बसला, भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. फोन करावा तर लेकीला घातलेली बंदी आपणच मोडायची, आणि न करावा तर ती चादर कुठल्या तरी गोदामात हजार चादरींत जाऊन पडायची. बरं, ती दुसरीच कुणी बाई निघाली तर? आणि तीच निघाली, तर? ऊन कलायला लागलं तेव्हा त्यानं घसा खाकरला आणि विनंतीखालचं फोनचं बटण दाबलं. मनात वाक्यं जुळवून ठेवली होती, कस्टमरशी बोलावं तशी.

"हॅलो. सोलापूरवरनं बोलतोय. चादरीबद्दल."

पलीकडून उत्तर आलं, "बोला."

एका शब्दात त्यानं आवाज ओळखला. कसंबसं म्हणाला, "काय अडचन आली म्हनायची?"

"मोठी होते."

"डबलची हाय ती. सिंगल पाटवू का?"

"सिंगलपण मोठी होईल."

"सिंगलहून बारकी आमच्याकडं न्हाय वो बाई. कुनासाठी पायजे?"

पलीकडं काहीतरी किरकिरलं. अगदी बारीक. त्याला कुणीतरी थोपटलं आणि ते थांबलं.

"पाळण्यात घालायला," अक्षता म्हणाली.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. बसव्वानं डिंकाचे लाडू वळायचे, शेगडी पेटवायची, आणि पाळण्यातलं पहिलं अंथरूण-पांघरूण याच घरातून जायचं. यातलं काही, काही म्हणता काही झालं नव्हतं. तिकडं परक्या गावात लेक बाळंत झाली आणि इथं आपण दारात उभं राहून कुरिअरवाल्याची वाट बघत बसलो. बसव्वा पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली होती. कुणाचा फोन आहे हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

"तसली आमी विकत न्हाय," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

"मग मागवलीस कशाला?"

कस्टमरला कुणी अरेतुरे करत नाही. पलीकडून हुंदका दाबल्याचा आवाज आला.

"मी फोन करायचा नाही असं तुम्ही म्हणाला होता, अप्पा. नवीन नियम वाचला. रिटर्न टाकला की तुमचा फोन येतो, असं तुमच्या चादरींखाली लिहिलंय."

"पत्ता सांग," रेवणप्पा म्हणाला. तो आणखी काही बोलायच्या आत बसव्वानं पिठाच्या हातांनीच फोन ओढून घेतला.