रोवण्याचा शर्ट

वजन उतरलं की लोक अभिनंदन करतात, असं मुलगी फोनवर म्हणाली. ती पुण्यात राहते, तिकडे करत असतील. आमच्या गावात वजन उतरलं की माणसं आधी तोंडाकडे बघतात, मग पोटाकडे, आणि आवाज खाली आणून विचारतात, "काऊन जी, तब्येत त बरी आहे ना?" बरी आहे म्हटलं तर त्यांचा विश्वास बसत नाही. डॉक्टरांनी शुगरसाठी भात बंद केला, सकाळ-संध्याकाळ तलावाच्या पाळीवर फिरतो, असं सांगितलं तर समोरचा आणखीच काळजीत पडतो. धानाच्या मुलखात राहून ज्यानं भात सोडला, त्याचं काही खरं नाही. गोंदियाला चष्मा बदलायला गेलो, तर इतक्या वर्षांच्या ओळखीचा दुकानदार म्हणाला, "अरे बाबूजी, बीमार थे क्या?" मी म्हटलं, बीमार तो पहले था. तो हसला नाही.

खरं सांगायचं तर अर्धं वजन डॉक्टरांनी उतरवलं आणि अर्धं रिकाम्या घरानं. बायको जाऊन तीन वर्षं झाली. एकट्यासाठी भाजी करायची म्हणजे एक वांगं चिरायचं. मोठ्या पातेल्यात तळाला पडलेलं ते एक वांगं बघितलं की भूक मरते. लाखोळीची डाळ ती करायची तेव्हा मी ताट तीनदा पुढं करत असे आणि ती म्हणायची, "पुरे आता, शर्टाची बटणं रडून राहिली." आता बटणं सुखात आहेत.

तिच्याकडे शिलाई मशीन होती. दर दोनेक वर्षांनी माझे कपडे तिच्याकडे जायचे आणि शिवणी उसवून, ढिले होऊन परत यायचे. टेलरला ती आधीच बजावायची, आत कापड जास्त ठेवा, यांचं पोट काही थांबायचं नाही. असा मी वर्षानुवर्षं तिच्या देखरेखीखाली वाढत गेलो. कपडा ढिला करण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. आवळायची वेळ तिच्यावर कधी आलीच नाही.

आता ते सगळे शर्ट खांद्यावरून ओघळायला लागले. पँटला पट्ट्याची नवी भोकं पाडली, मग त्या भोकांच्याही पलीकडे भोकं पाडली. मुलगी व्हिडिओ कॉलवर ओरडली, "बाबा, देऊन टाका ते कपडे. ठेवले तर परत तेवढे व्हाल." तिचं बरोबर होतं. पण द्यायचे कोणाला? भांडेवाली गल्लीत येते, जुन्या कपड्यांवर स्टीलची वाटी देते. मी एकटा, माझ्या घरात आधीच्याच वाट्या उपड्या पडून आहेत, त्यात आणखी एकीची भर कशाला? चुलतभाऊ माझ्या जुन्या मापाचा आहे. त्याला विचारलं तर तो दचकला. "आत्तापासून कायले वाटून राहिला?" म्हणाला. माणूस गेल्यावर त्याचे कपडे वाटतात. जिवंत माणूस स्वतःचे वाटायला निघाला म्हणजे त्याला काहीतरी कळलेलं आहे, असं त्याला वाटलं. त्यानं त्या दिवशी मला घरून डबा पाठवला. डब्यात भात होता.

कपडे वाटणं मी जवळून पाहिलं होतं. बायकोच्या तेरवीनंतर माझ्या बहिणी आणि तिच्या बहिणी बसल्या आणि दुपारपर्यंत तिचं कपाट रिकामं झालं. मी समोर खुर्चीत होतो. यातलं काही ठेवायचं का, असं कोणीतरी विचारलंही. मी मान हलवली ती कशी हलली कोण जाणे, पण त्यांनी सगळं वाटलं. संध्याकाळी कपाट उघडलं तेव्हा आत डांबरगोळ्यांचा वास तेवढा होता. तिच्या अंगाला लागलेलं घरात काही उरलं नाही, असं मी तीन वर्षं समजत होतो.

मग यंदाचा रोवणा आला. धानाचे पऱ्हे म्हणजे रोपं काढून चिखलाच्या खाचरात, बांधीत लावतात, त्याला आमच्याकडे रोवणा म्हणतात. दिवसभर चिखलात वाकून बायांनी लावायचा. ऊन, पाऊस, वर पात्यांनी हात कापतात, म्हणून प्रत्येक बाई लुगड्यावर पुरुषाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवते. पदरही जागेवर राहतो. रोवण्याच्या दिवसांत गावातल्या पुरुषांचे जुने शर्ट शोधायचे तर बांधीत जावं. आमच्या घरून दर वर्षी एक-दोन शर्ट बायांना द्यायचा बायकोचा रिवाज होता. मला वाट सापडली. कपाटातला जुन्या शर्टांचा ढीग उचलला, चादरीत बांधला आणि रोवण्याची बोली करायला आलेल्या बायांपुढे छपरीत ठेवला.

"एवढे सारे कायले देता जी, बाबूजी?" एकीनं विचारलं.

"मी वाळलो ना," मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत. माझ्या वाळण्यावर हसायला गावात कोणीच तयार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बांधीवर गेलो. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा राहून बघतो तर माझेच शर्ट ओळीनं वाकलेले. शाळेत कारकून असताना घालायचो तो चौकड्यांचा, मुलीच्या साखरपुड्यातला बदामी, बाहीवर शाईचा डाग असलेला पांढरा. पाच-सहा ठिकाणी मीच चिखलात उभा होतो आणि माझ्याकडे पाठ करून मागं मागं सरकत होतो. मला हसू आलं, आणि बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं आलं.

मग ओळीच्या टोकाला निळ्या रेघांचा शर्ट दिसला. एक क्षण मला वाटलं, तीच आहे.

तो शर्ट माझ्या लग्नाच्या वर्षातला. तेव्हा मी सडपातळ होतो. दोन-तीन वर्षांत तो मला होईना, उसवायलाही त्यात कापड उरलं नाही, तेव्हा तिनं तो रोवण्यासाठी घेतला. मालकाची बायको असली तरी ती धुऱ्यावर छत्री घेऊन उभी राहणाऱ्यातली नव्हती. लुगडं खोचून बायांच्या ओळीत उतरायची, आणि दर वर्षी तोच शर्ट. रोवणा संपला की धुऊन, घडी करून ठेवायची, पण स्वतःच्या कपाटात नाही. शर्ट माझा, म्हणून माझ्या ढिगात, सगळ्यात खाली. तेरवीनंतर तिचं कपाट वाटलं गेलं तेव्हा तो त्यामुळेच वाचला होता. तीन वर्षं माझ्या हाताखाली होता आणि मला पत्ता नव्हता. आणि पत्ता लागला तो असा, मी स्वतःच्या हातानं गाठोडं बांधून देऊन टाकल्यावर. शिवाय आता मी जितका वाळलो होतो त्या मानानं, घरातला मला नीट बसणारा तो एकच शर्ट होता.

मला तो परत पाहिजे होता. दुसरं काही सुचेना. पण रोवण्याला दिलेला कपडा परत मागत नाहीत, आणि बाईमाणसाच्या अंगावरचा शर्ट मागायचा तरी कोणत्या तोंडानं? बदल्यात नवा देतो म्हटलं असतं तर त्यांनी काऊन म्हणून विचारलं असतं, आणि त्याचं उत्तर मला चारचौघींत देता आलं नसतं. मी रोज बांधीवर जाऊ लागलो. कधी चहाची किटली नेली, कधी नुसताच छत्री घेऊन गेलो. एक दिवस बाभळीच्या काट्यात त्या शर्टाची बाही अडकली आणि टरकन् आवाज आला. काटा मलाच लागल्यासारखा मी धुऱ्यावर ओरडलो. बाया वर बघायला लागल्या. "बाबूजी काऊन रोज येऊन राहिले?" एक दुसरीला म्हणाली, मला ऐकू येईल इतक्या हळू.

बाबूजी. हे मला तीन वर्षांपासून खुपत होतं. बायको त्यांची बाई, म्हणजे मोठी बहीण, म्हणून पूर्वी मी त्यांचा भाऊजी होतो. थट्टेचं नातं. रोवणा सरतो त्या दिवशी आमच्याकडे बाया मालकाला धरून चिखल फासतात आणि मग बोजारा, म्हणजे शेवटच्या दिवसाचं जेवण, हक्कानं मागतात. आमच्या बांधीत पहिला हात कायम माझ्या बायकोचा. निळ्या रेघांच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत चिखलानं भरवून ती समोरून यायची आणि बाकीच्या मागून पकडायच्या. ती गेली आणि माझं बाबूजी झालं. दुःखातल्या माणसाला चिखल लावू नये, असं त्यांना वाटलं असेल. तीन वर्षं बाया बांधाशी हातपाय धुऊन मुकाट जेवून गेल्या आणि मी कोरड्या कपड्यांनी घरी आलो.

यंदा शेवटच्या दिवशी मी ठरवून गेलो. पिशवीत एक नवाकोरा शर्ट घेतला होता. शेवटची पेंढी लागली तशी मी निळ्या शर्टाच्या बाईला हाक मारली. ती तलावाकडच्या आळीतली, माझ्या बायकोच्या वयाची. धुऱ्यावर चढून समोर येऊन उभी राहिली.

"तो शर्ट..." मी म्हणालो.

"बाईचा आहे," ती म्हणाली. "मले का माहीत नाही? इतकी वर्षं तिच्या बाजूनं रोवत होती मी. बाकीच्यायनं ढगळे ढगळे घेतले. हा मी भांडून घेतला."

मी पिशवीचे बंद हातात पिळत उभा. मला वाटत होतं, तिची आठवण फक्त माझ्या घरात आहे, आणि तिथंही ती डांबरगोळ्यांपुरती उरली आहे. इथं एक बाई तिच्या शर्टासाठी भांडली होती.

"पाहिजे का परत?" तिनं विचारलं.

पाहिजे होता. देवाशपथ पाहिजे होता. पण ती बटणाला हात लावायला लागली आणि मला एकदम दिसलं की तो शर्ट मी घरी नेऊन काय करणार. घडी करणार, ढिगात खाली ठेवणार, आणि अधूनमधून काढून बघणार.

"राहू द्या," मी म्हणालो. "पण पुढच्या रोवण्याला हाच घालून या."

"फाटला त?"

"फाटला तर फाटला."

"तवपर्यंत तुम्ही टिका म्हणजे झालं. जेवत जा जरासे." आणि जाता जाता ती थांबली. माझ्याकडे नीट पाहिलं. "तीन साल झाले जी, आमचीच हिंमत झाली नाही. बाई असती त तिनंच पहिले लावलं असतं." असं म्हणून तिनं वाकून बांधीत दोन्ही हात घातले आणि चिखलानं थबथबलेल्या त्या बाह्यांनी माझे दोन्ही गाल, कान, मान माखून टाकली.

"भाऊजीले धरा वं!" मागून कोणीतरी ओरडलं.

मग काय, माझेच सगळे शर्ट माझ्यावर धावून आले. चौकड्यांच्यानं हात धरले, बदामीनं डोक्यावर चिखल थापला. पूर्वी मला पाडायला चौघी लागायच्या, आता दोघींत भागलं, आणि त्यावर त्या पोट धरून हसल्या. तीन वर्षांत माझ्या अंगाला कोणाचा हात लागला होता तो डॉक्टरांचा, बीपी बघायला. मी रडत होतो. चिखलात कोणाला कळलं नाही, किंवा कळून त्यांनी न कळल्यासारखं केलं.

बोजारा झाला, बाया गेल्या, आणि मी घरी आलो. घरात मोटार आहे, नळ आहे. पण रोवण्याचा चिखल उंबऱ्याच्या आत आणायचा नाही, तो अंगणातल्या हातपंपावरच धुवायचा, हा बायकोचा नियम. ती हापसायची आणि मी धारेखाली बसायचो. मग मी हापसायचो, ती बसायची. ती गेल्यापासून मी कोरडाच येत होतो, म्हणून हातपंपाला दोन माणसं लागतात हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

चार हात मारले आणि धावत धारेखाली गेलो. तोवर धार करंगळीएवढी झाली. परत उठलो, परत हापसलं, परत धावलो. या वयात असा पळताना कोणी पाहिलं असतं तर वजन कसं उतरलं ते तरी गावाला कळलं असतं. डोकं कसंबसं धुऊन निघालं. दम लागला तसा ओट्यावर बसलो. आत जाऊन नळ सोडायला काही हरकत नव्हती, पण गेलो नाही.

दर वर्षी सगळं धुऊन झाल्यावर ती माझी मान वळवून बघायची आणि म्हणायची, "कानामागं राहिलं." मी हात मागं नेऊन पाहिलं. राहिलं होतं.