दुसऱ्या स्लॉटमधलं लग्न

कॅमेऱ्याचं छोटं झाकण उघडलं तर आत आणखी एक कार्ड.

सकाळचे नऊ वाजले होते. कतारमधल्या अल हिलाल भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी डायनिंग टेबलवर लेन्सा पुसत बसले होते. आदल्या दिवशीचं लग्न झकास पार पडलं होतं, आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होते. कार्ड लॅपटॉपला लावलं. कालचे सगळे फोटो. एकही कमी नाही. हातातला कपडा तसाच राहिला.

आता यात घाबरण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. तेव्हा इथली पद्धत सांगते. कतारी लग्नात बायकांचा समारंभ वेगळा असतो. आत एकही पुरुष नाही. वाढणाऱ्या बायका, गाणाऱ्या बायका, फोटोग्राफरही बाईच. दारात सगळ्यांचे मोबाईल काढून घेतात. कारण आत आल्यावर अंगभर काळे अबाया उतरतात, केस मोकळे होतात, आज्या नाचतात. तिथले फोटो त्या घराचे. काम संपलं की फोटोग्राफरने कॅमेऱ्यातलं कार्ड काढून नवरीच्या आईच्या हातात द्यायचं. स्वतःकडे कॉपी ठेवायची नाही. आदल्या दिवशी मी ते कार्ड लिफाफ्यात घालून दिलं होतं आणि वर म्हटलं होतं, “खलास. आता माझ्याकडे काही नाही.”

आणि हे दुसरं कार्ड टेबलावरून माझ्याकडे बघत होतं.

तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची होते, म्हणजे अगदीच पोरसवदा. चौदा खिशांचं जाकीट घालायचे. व्हिजिटिंग कार्डावर ‘डेस्टिनेशन वेडिंग स्पेशालिस्ट’ असं छापलं होतं आणि तोवर गाठलेलं सगळ्यात लांबचं डेस्टिनेशन होतं तासाभरावरचं अल खोर. हा कॅमेरा नवा, दोन कार्डांचा. दुकानदाराने विचारलं होतं, “मॅडम, बॅकअप ऑन करून देऊ?” बॅकअप म्हणजे प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्ही कार्डांवर उमटतो. मी रुबाबात म्हटलं, “ऑफ कोर्स.” आणि दुकानाबाहेर पडेपर्यंत विसरले. मॅन्युअल कशाला वाचायचं? ते नवशिक्यांसाठी असतं.

लग्नही साधंसुधं नव्हतं. नवरी मरियम इंग्लंडमध्ये शिकलेली. तिथल्या एका खेड्यात मैत्रिणीच्या लग्नाला गेली होती आणि तिला तस्संच हवं होतं. हिरवळ, लाकडी खुर्च्या, गुलाबाची कमान, भरदुपारचा उजेड. जानेवारी महिना, गराफातल्या व्हिलाची बाग, त्यामुळे हिरवळ जमली. पण मला तिने एक अट घातली. “आंटी, कुणालाही ‘इकडे बघा’ म्हणायचं नाही. तिथल्या फोटोग्राफरने एकदाही म्हटलं नव्हतं.”

माझं उभं आयुष्य ‘इकडे बघा’ म्हणण्यात गेलेलं. महाराष्ट्र मंडळाची बारशी, वाढदिवस, साखरपुडे, मुंजी. मुंडावळ्या सरळ करा, काकू हनुवटी वर, बाळाला कुणीतरी हसवा रे. ते सगळं बंद. शिवाय शेजारच्या गच्चीवरून दिसू नये म्हणून बागेभोवती उंच कनात बांधलेली. चार वाजल्यापासून तिची सावली हिरवळीवर सरकायला लागली. उजेडाचा पट्टा आक्रसत गेला आणि मी तोंड मिटून, वाकून, त्या पट्ट्याच्या मागे फिरत राहिले. पाच वाजता पट्टा संपला. पण मला आतून कळलं होतं, असं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

म्हणूनच त्या सकाळी मी शहाण्यासारखं कार्ड बाजूला ठेवलं नाही. सगळे फोटो पाहिले. मग पुन्हा पाहिले. एकावर तर थांबलेच. वाटलं, हा एक ठेवावा. चेहरा कुठे नीट दिसतोय? कुणाला कळणार आहे? माझ्या वेबसाईटवर तोपर्यंत मोदकांचे फोटो जास्त होते.

आमचे हे चहा घेऊन आले. सगळं ऐकून म्हणाले, “फॉर्मॅट मार आणि पोहे खा. थंड होतायत.”

“फॉर्मॅट केलं तरी जात नाही हो. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडल्यासारखं आहे. पानं आतच राहतात.”

“हे तुला कसं माहीत?”

माहीत असणारच. महिन्यापूर्वी एकीचे पुसलेले फोटो मी परत काढून दिले होते आणि सगळ्या अल हिलालभर ते मिरवलं होतं.

“मग हातोडी देतो,” हे म्हणाले.

मी जुबेदाला फोन लावला. जुबेदा श्रीवर्धनची, माझी लाईट धरणारी आणि या घरांमध्ये मला घेऊन जाणारी. तिची ओळख नसती तर मी अजून बारशीच काढत असते. तिला सगळं सांगितलं.

“कितीदा बघितलंस गो?”

“दोनदा. हे म्हणतात फोडून टाक.”

“फोड की. कुणाला नाय कळायचं.” मग म्हणाली, “पण ताई, त्या बाईने मला विचारलं होतं, ही तुझी मैत्रीण कशी आहे. मी सांगितलं, माझ्यासारखी आहे. आता मी कशी आहे ते तूच ठरव.”

पुढचं सोपं झालं असं नाही, पण कार्ड नेऊन द्यायचं ठरलं. अकरा वाजता आम्ही दोघी गराफात होतो. वाटेत जुबेदा एवढंच म्हणाली, “जाकीट काढ ते. पोलीस दिसतेस.”

नवरीच्या आईला सगळे उम्म राशिद म्हणत, म्हणजे राशिदची आई. आपल्याकडे बंड्याची आई म्हणतात तसंच. आतल्या दिवाणखान्यात मरियमसकट घरातल्या बायका जमल्या होत्या. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर माझेच फोटो चालू होते. आम्हाला बघून कुणीतरी ते बंद केले.

मी कार्ड टेबलावर ठेवलं आणि त्यांना कळेल अशा माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. नवा कॅमेरा, दोन जागा, माझी चूक. काल ‘काही नाही’ म्हटलं, ते खोटं निघालं.

उम्म राशिदने कार्ड उचललं नाही. “कॉम्प्युटरमध्ये घातलंस?”

“पाहायला लावलं. उतरवलं काही नाही. लॅपटॉप बरोबर आणलाय, बघून घ्या.”

“पाहिलेस?”

“हो. सगळे, दोनदा.” जुबेदाने माझ्याकडे पाहिलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. “एक बराच वेळ. तो ठेवावासा वाटला होता.”

मरियमने लॅपटॉप घेतला आणि सगळी फोल्डरं उघडून पाहिली. मोदक निघाले. तिने मान हलवून आईला सांगितलं, यात काही नाही.

“तो कुठला?” आईने विचारलं.

टीव्ही पुन्हा लागला. मी फोटो शोधून दिला. उम्म राशिद बघत राहिली. मग तिने आतून सासूबाईंना बोलावलं. म्हातारी काठी टेकत आली, पडद्यासमोर उभी राहिली, अरबीत काहीतरी बोलली. सगळ्या हसल्या.

“आजी विचारतेय,” मरियम म्हणाली, “तुम्ही तेव्हा होतात कुठे? तिला कुणी दिसलंच नाही.”

मला मिळालेली ती सगळ्यात मोठी पावती. तेव्हा मी एवढी घाबरलेली होते की फक्त “सॉरी” म्हटलं.

उम्म राशिदने स्वयंपाकघरातून मोठी कात्री मागवली. कार्डाचे चार तुकडे केले. माझ्या हातात दिले नाहीत, स्वतःकडे ठेवले. आणि सोफ्यावर सरकून जागा केली.

“पाहिलेच आहेस, तर बैस. अल्बमला साठ फोटो निवडायचेत आणि सकाळपासून सहा ठरलेत.”

आम्ही तीन तास बसलो. गाहवा, म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर येत राहिले. इथे आमची रीत अशी की लिफाफा दिला की आपलं काम आपल्याला पुन्हा दिसत नाही. त्या दुपारी माझे फोटो भिंतभर लागले होते आणि दहा बायका त्यावर भांडत होत्या. एक मावशी तर माझ्याच फोटोची बाजू घेऊन माझ्याशीच भांडली. माझं एवढंच एक प्रदर्शन झालं. तिकीट नव्हतं आणि पेपरात कात्रणापुरतीही बातमी आली नाही.

पुढे त्या घरातली आणखी तीन लग्नं मी काढली, आणि त्यांच्या नात्यातली किती, ते मोजलं नाही. वेबसाईटवर अजून मोदकच आहेत. माझी नात इंग्लिश मीडियमची. ती विचारते, “आजी, at least tell me तो फोटो कसा होता.” तिला सांगितलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही.

शिकण्यासारखं एवढंच, की मॅन्युअल वाचावं. मी अजून वाचत नाही. नवा कॅमेरा घेतला की दुसऱ्या स्लॉटवर काळी टेप लावते आणि मगच बॅटरी घालते.