खुंटीवरची पुरचुंडी

सकाळी ऑफिसात आली की पर्स टेबलावर ठेवायच्या आधी ती शीतघराच्या दारापाशी जायची, दारावर उजवा तळवा सपाट ठेवायची आणि हळूच विचारायची, "आहात ना रे?"

आत माणसं नव्हती. आत बियाणं होतं. ज्वारी, कोद्रा, बंटी, तूर, वाल. बरण्यांत भरून थंडीत निजवलेलं. दार हाताला गार लागलं की तिचा जीव भांड्यात पडायचा, मग ती पर्स ठेवायची आणि चहा मागवायची.

घराला कुलूप लावून पुन्हा दोन जिने चढून ते ओढून पाहणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. गॅस बंद केला का, या शंकेने अर्ध्या वाटेतून रिक्षा वळवणारी. आमची ताई त्यांतलीच, फक्त तिची काळजी घरापुरती नव्हती.

आमचं ऑफिस म्हणजे बडोद्यात विश्वामित्री नदीच्या अंगाला भाड्याने घेतलेला एक बंगला. बऱ्याच देशांनी मिळून चालवलेल्या एका प्रकल्पाची ही धाकटी शाखा. जमिनीचा कस न घालवता शेती कशी करायची, वेड्यावाकड्या पावसात तग धरणारी जुनी वाणं कशी जपायची, जगाच्या ताटात चारदोनच धान्यं उरू नयेत म्हणून काय करायचं, असा सगळा पसारा. मी अहवाल लिहायचो. 'शाश्वत' हा शब्द मी इतका वापरला की पुढे पुढे तो टाइप करताना माझं लक्षही नसायचं. ताई बियाणं सांभाळायची.

ती जुन्या शहरातल्या घडियाळी पोळीत, म्हणजे तिथल्या एका गल्लीत, राहायची, भाऊ आणि वहिनीकडे. लग्न केलं नव्हतं. आजोबा-पणजोबा संस्थानच्या नोकरीतले, त्यामुळे घरातली मराठी चोख. पण वाक्याच्या शेवटी गुजराती 'ने' यायचाच. एकदा परदेशी पाहुणे आले. त्यांच्यातल्या एका बाईंनी ताईला विचारलं, तुमचं काम नेमकं काय? दुभाष्या म्हणून मी शेजारी उभा.

"त्यांना सांग, मी घाबरते," ताई म्हणाली.

"अहो ताई, असं कसं सांगू?"

"खरं आहे तेच सांग. तुम्ही सगळे आशेवर बोलता. कुणीतरी घाबरलेलं पाहिजे ने?"

मी आपलं 'या बियाण्याची काळजी घेतात' असं सांगून वेळ मारून नेली. पण त्या दिवसापासून ऑफिसात तो परवलीचा शब्द झाला. दिवे गेले, एसी बंद पडला, चहावाला उशिरा आला, की कुणीतरी म्हणायचंच, "ताई, घाबरा बरं!" तीही हसायची. हसता हसता उठून दाराला हात लावून यायची.

मग एका दुपारी तिने मला हाक मारली. तळहातावर बाजारातल्या वालाचे दोन दाणे होते.

"यातला एक मी तापवून मारलाय. सांग कुठला."

मी चष्मा पुसून पाहिलं. दोन्ही सारखेच तुकतुकीत. "नाही कळत."

"मलापण नाही कळत," ती म्हणाली. "भिजवल्याशिवाय कुणालाच कळत नाही. आणि भिजवला की तो बरणीतून गेला. थोडंच बियाणं असलं की काय करायचं, सांग ने? तपासायचं तर कमी होतं. नाही तपासायचं तर आपण कदाचित मढी सांभाळतोय."

त्या गार खोलीत काय जिवंत आहे आणि काय मेलेलं, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. अहवालात मात्र मी सगळंच 'सुरक्षित' लिहीत होतो. त्यानंतर मी तिची थट्टा जरा बेतानेच करायचो.

तिचा सगळ्यात जास्त जीव अडकला होता एका वालात. काळा दाणा, त्यावर पांढरा डोळा. पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका गावचा हा वाल, पाणी कमी पडलं तरी शेंगा धरणारा. गावाने मधल्या काळात दुकानातलं बियाणं घेतलं, जुनं कुणी राखलं नाही, आणि दुकानातलं लागोपाठ फसलं. आता तो वाल जगात कुठे असेल तर आमच्या एका बरणीत. वाल जिवंत आहे ना, हे विचारायला गावातले एक काका अधूनमधून फोन करायचे. "बेन, अमारो वाल जीवे छे ने?"

"जीवे छे, काका," ताई ठामपणे सांगायची. फोन ठेवला की बरणी पाहून यायची. पावसाळा सरला की अर्धा वाल गावाला पेरायला द्यायचा आणि अर्धा परदेशात, बर्फाळ मुलखातल्या बियाण्यांच्या कोठीत पाठवायचा, असं ठरलं होतं.

त्याआधी पूर आला.

विश्वामित्रीचं पाणी रस्त्यावर आलं, रस्त्यावरून आवारात, आवारातून बंगल्यात. वीज गेली, जनरेटर बुडाला. मी माझ्या मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये अडकलो होतो. पाणी गुडघ्याखाली उतरल्यावर ताईचा फोन आला, "मी निघालेय." मी धावलोच, कारण या नदीत मगरी आहेत, आणि ऑफिसच्या मागच्याच गल्लीत एक दिसल्याचं सगळे सांगत होते.

भर दुपारी आम्ही दोघं त्या गढूळ पाण्यातून चाललो होतो. काठीने पुढचं पाणी चाचपायचं, मग पाऊल टाकायचं. काही तरंगत आलं की मी काठी उगारायचो. फळकूट निघायचं, नाहीतर चप्पल. ताई मगरीला भीत नव्हती असं नाही. ती मोठ्याने रामरक्षा म्हणत होती, आणि ओळी चुकत होती.

आत गेल्यावर तिने शीतघराच्या दारावर तळवा ठेवला. उचलून पुन्हा ठेवला.

"गरम लागतंय रे," ती म्हणाली.

तिचा तो आवाज मला अजून आठवतो. आत ओलसर, दमट वाफ कोंडली होती. वरच्या फळीवरची वालाची बरणी तिने छातीशी धरली आणि आम्ही परतलो.

घडियाळी पोळ उंचावर, तिथे पाणी चढलं नव्हतं. वीज नाही, यंत्रं बंद, म्हणून ताईने घरगुती उपाय केला. वाल जगला की मेला हे कळायलाच हवं होतं. ओंजळभर वाल भिजवला, ओल्या फडक्यात बांधला आणि पुरचुंडी स्वयंपाकघरातल्या खुंटीला अडकवली. बाकीचा वाल राखेत घोळून मडक्यात ठेवला. मला फोनवर म्हणाली, "दोन दिवसांनी ये. मला एकटीला गाठ सोडून बघायचा धीर नाही."

मी गेलो तेव्हा ती आंघोळीला गेली होती. वहिनींनी मला आग्रहाने पाटावर बसवलं. पुरामुळे मंडईत भाजीचा देठ नव्हता, पण वहिनींचा चेहरा फुललेला होता. "बसा हो, आज डाळिंब्यांची उसळ आहे! आमच्या वन्संनी जन्मात पहिल्यांदा आपण होऊन वाल भिजवले. मी म्हटलं, भाजी नाही म्हणून मला मदत केली. थोडेच होते, बटाटा घालून वाढवलेत."

पहिला घास माझ्या तोंडात होता. तो गिळताही येईना आणि थुंकताही येईना. त्या घरात खुंटीवरची ओली पुरचुंडी म्हणजे वहिनींची, हे वर्षानुवर्षं चालत आलेलं. ताईने सवयीने तीच खुंटी धरली होती.

ओले केस पुसत ताई दारात आली. तिने खुंटी पाहिली. मग माझं ताट पाहिलं. ती मटकन खाली बसली. वहिनी घाबरून गेल्या. "वन्सं, काय झालं? मीठ जास्त झालं का?"

ताईने त्यांचा हात धरला. "वहिनी, नीट आठवून सांगा. सोलताना मोड होते?"

"अगंबाई, मोडाशिवाय सोलेन का मी?"

"सगळ्यांना? एकेकाला?"

"एकेक मीच सोलला ने. लांबलांब मोड. एकसुद्धा गणंग निघाला नाही, सगळे मऊ शिजले. का हो?"

ताई रडायला लागली. रडत रडत हसायला लागली. मग तिने ताट ओढलं आणि ती उसळ बोटं चाटून संपवली. मी तिला एवढं निर्धास्त त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

त्या वर्षी वाल गावात पेरला गेला. दुसरा वाटा बर्फात रवाना झाला, 'पोचला' असा निरोपही आला. आम्ही पेढे वाटले. ताई म्हणाली, "पोचला म्हणजे जगला असं नाही." पुढे देशादेशांनी हात आखडता घेतला आणि आमची शाखा बंद झाली. शीतघराचं यंत्र उतरवून नेलं तेव्हा ती बघायला आली नाही. दर हंगामाला काका तिच्या घरी वालाची पिशवी पाठवत. ती आली की मला फोन यायचा, "आला रे!"

या पावसाळ्यात ती आजारी पडली. मी भेटायला गेलो. नेहमीसारखं म्हणालो, "घाबरू नका."

"मला फार भीती वाटते रे," ती म्हणाली, आणि माझा हात धरून ठेवला. मलाही वाटत होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "वाल आला का?" आला नव्हता. तिला तो दिसला नाही.

तो गेल्या आठवड्यात आला. पिशवी नव्हती, रुमालात बांधलेला एवढासा. काकांनी निरोप धाडला होता: पाऊस थांबलाच नाही, शेंगा वेलावर कुजल्या, हाती लागलं ते एवढंच, आणि यातलं जीवे छे की नाही ते बेनना विचारा.

बेन नाहीत. म्हणून आम्ही दोघांनी त्यातला चिमूटभर वाल भिजवला, वहिनींनी आणि मी. पुरचुंडी त्याच खुंटीला बांधली. आज सोडायची म्हणून मी सकाळपासून घडियाळी पोळीत येऊन बसलो आहे. गाठ सोडायला दोघांचाही हात होत नाही. चहा दोनदा झाला.

मघाशी वहिनी उठल्या. त्यांनी त्या ओल्या फडक्यावर उजवा तळवा सपाट ठेवला आणि हळूच विचारलं, "आहात ना रे?"

हात त्यांनी काढला नाही. मोड येत असले की पुरचुंडी आतून ऊन लागते, हे त्यांना जन्मभराच्या स्वयंपाकाने ठाऊक आहे.

"कोमट आहे हो," त्या म्हणाल्या. "की माझ्याच हाताची ऊब आहे? तुम्ही बघा ने."

मी उठलो आहे.