नळाच्या वाटेवरचा थाइम

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. आज सांगते, पण मान खाली घालून नाही.

साठ सालाच्या आगेमागे आम्ही दौंडला रेल्वेच्या चाळीत राहायचो. नवरा फायरमन, इंजिनात कोळसा टाकणारा. शेजारी ड्रायव्हरची बायको, डोरा मॅडम. तिनं कुठूनसं थाइम नावाचं रोप आणलं — जमिनीलगत पसरणारं, बारीक पानांचं, चुरगाळलं की ओव्यासारखा वास. कुंड्यांत होतं तोवर माझी काय तक्रार? पण मग तिनं ते नळाच्या वाटेवर, फरश्यांच्या फटींत लावलं. वाट सगळ्यांची! आणि मलाच म्हणाली, "इधर पाँव मत रखना."

मला सातवा महिना. कमरेवर भरलेली कळशी घेऊन, कोळशाच्या राखेतून अनवाणी वळसा — तुम्ही घातला असता? मी महिनाभर घातला. मग एका दुपारी खुरपं घेतलं आणि फट न् फट साफ केली. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. पुन्हा करीन.

पण थांबा — कबुली ती नाहीच.

उपटलेला पाला मी हलीमाच्या शेळीपुढं टाकला. हलीमा पलीकडच्या खोलीतली, माझ्या डोहाळ्यांना चिंचा आणून देणारी. शेळीच्या तोंडात पाला बघून मॅडम कडाडली. हलीमा धावत आली, खुंट्याची दोरी उचलून मला म्हणाली, "ताई, तुमी हितंच व्हता ना? सांगा की, बांधल्याली हाय ती."

मी म्हणाले, "मघाशी सुटली व्हती. मीच धरून बांधली."

का? नवरा मॅडमच्या नवऱ्याच्या इंजिनावर होता, असं सांगता येईल. पण ते तेव्हा सुचलंसुद्धा नव्हतं. मला स्वतःला वाचवायचं होतं — बस.

मॅडम रेल्वेच्या साहेबाकडं तक्रार करणार म्हणाली. चार दिवसांत शेळी न्हावरे गावी, हलीमाच्या भावाकडं गेली. हलीमाची धाकटी त्या दुधावर होती. किती दिवस ती पोर वाटी घेऊन रिकाम्या खुंट्यापाशी बसायची. मी बघायचे. नळावर हलीमा मला आधी कळशी लावू द्यायची — पोटुशी म्हणून. आणि मी लावायचे.

पुढं मॅडम बदलीच्या गावी गेली. त्या फरश्यांवरून मी ताठ चालले. हलीमाच्या दारावरूनही — ताठच.

तिनं एकदाच विचारलं, कपडे वाळत घालताना, माझ्याकडं न बघता, "ताई, खरंच सुटली व्हती?"

"व्हय," मी म्हणाले.