संत पेद्रोचा नारिंगी खांदा

रात्री दव जागच्या जागी गोठलं आणि डोंगरातल्या तार्मा गावातली चढाची गल्ली सकाळी मीठ पसरल्यासारखी पांढरी झाली. सेफेरिना युरिविल्का नेहमीप्रमाणे सगळ्यांआधी उठली. रात्री थंडीतून वाचवायला चुलीपाशी घेतलेली झाडं ती एकेक करून बाहेर पायऱ्यांवर मांडू लागली. कोणतं तेलाच्या डब्यात, कोणतं रंगाच्या, एक तळ गेलेल्या घमेल्यात, एक नवऱ्याच्या रबरी बुटात. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, बूट मात्र दरसाल बहरायचा.

सगळीकडे एकच झाड, मास्तुएर्सो. छत्रीसारखं गोल पान, मागे शेपूट असलेलं नारिंगी फूल, चावलं की मुळ्यासारखं थेट नाकात जाणारं. त्याला खत घालायचं नाही, हा म्हातारीचा नियम. "खायला घातलं की नुसता पाला माजतो, फूल धरत नाही. आमचे हेही तसेच होते," असं ती येईल त्याला सांगायची.

तिचं दुखणं एकच. कोर्पुसच्या सणाला पाद्री देवाला घेऊन निघतात, तेव्हा प्रत्येक गल्ली त्यांच्या वाटेवर फुलांचा गालिचा घालते. या गल्लीचा गालिचा म्हणजे रस्त्यावर आखलेलं संत पेद्रोचं चित्र, आणि त्यात कोणतं फूल भरायचं ते तेओदोमिरो अर्सापालो ठरवायचा. सेफेरिना त्याच्या मुलीची धर्ममाता, म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणे. पण चाळीस वर्षं त्याचं उत्तर ठरलेलं, "कोमाद्रे, हा कुईचा चारा. देवाच्या पायाखाली चारा घालू?" कुई म्हणजे स्वयंपाकघरात मोकळे फिरणारे गिनीपिग, सणाला तळून खायचे. याच फुलापानांवर सेफेरिनाच्या आईनं आठ पोरं जगवली होती. एकदा, मरायच्या आधी एकदाच, ते देवाच्या पायाखाली जावं, एवढंच तिला हवं होतं.

आज सणाचाच दिवस होता. शेवटचं झाड पायरीवर ठेवते तोच तेओदोमिरो टोपी हातात धरून उभा.

"कोमाद्रे, सगळा झेंडू काळा पडला हो. संत पेद्रो उघडा निजलाय रस्त्यात."

"मग पांघरूण घाल की."

"नारिंगी अंगरखा हवाय. तुमची फुलं..."

"अरे, चारा ना तो?"

"आज सणाचं तसं नका बोलू. हवं तर पाया पडतो."

म्हातारीनं त्याला पाया पडू दिलं, मग झाडं ओरबाडली.

बायाबाप्ये रस्त्यावर ओणवे बसून अंगरखा भरू लागले. आता गंमत अशी, की ही अख्खी गल्ली लहानपणी सेफेरिनाच्या पायऱ्यांवर फुलं चघळत वाढलेली. हाताला फूल लागलं की हात आपोआप तोंडाकडे. एक संताला, एक पोटाला. अकरा वाजता फुलं संपली आणि संताचा डावा खांदा तसाच उघडा राहिला.

"कुणी खाल्ली?" तेओदोमिरो गरजला. "ओळीत उभे राहा! तोंड उघडा!"

तो एकेकाचा वास घेत निघाला. शेजारीण ओर्तेन्सियापाशी आला तर ती म्हणाली, "मेल्या, आधी तुझी मिशी झटक. पाकळी लटकलीय."

एवढ्यात कोपऱ्यावर मिरवणुकीचा बँड वाजला. सेफेरिना धावत घरात गेली आणि शालीच्या झोळीत तीन कुई घेऊन आली, तिन्ही लठ्ठ, तिन्ही नारिंगी. उघड्या खांद्यावर पानं पसरून तिनं त्यांना अंगाला अंग लावून बसवलं.

"कोमाद्रे! मी चारा नको म्हणत होतो, तुम्ही खाणारेच आणलेत!"

"खाणारे तर सकाळपासून बसलेत. हे निदान हलत नाहीत."

कुई चरू लागले. पाद्री देवाला उंच धरून गालिच्यावर आले आणि मागून कुणीतरी किंचाळलं, "बघा, खांदा! संत श्वास घेतोय!" बँड बंद पडला. गल्ली धपाधप गुडघ्यांवर. पाद्रींनी खांद्याकडे बराच वेळ पाहिलं. खांद्यानं एक कान हलवला. पाद्रींना गुडघे टेकणं सोयीचं वाटलं असावं, तेही टेकले. उठताना एका हातानं त्यांनी अंगरख्याच्या काठाचं फूल उचललं आणि चावलं.

"हे कुणाचं?" नाक चोळत त्यांनी विचारलं.

तेओदोमिरोनं टोपी काढली. "मास्तुएर्सो, पाद्रे. आमच्या सेफेरिना कोमाद्रेंचं. देवासाठीच लावतात."

मग देव सेफेरिनाच्या फुलांवरून पुढे गेला. ती रस्त्याच्या कडेला उभी राहून बघत होती आणि उगीचच हात पुसत होती.

पेच नंतर पडला. ते तिघे कुई दुपारच्या जेवणात तळायचे होते, आणि जेवायला तेओदोमिरोचं अख्खं घर यायचं होतं. "संताचा खांदा तळणार?" ओर्तेन्सियानं छातीवर क्रूस काढला. कढई तशीच पालथी राहिली. पाहुण्यांना उकडलेले बटाटे, गोल पानं आणि सिरक्यात मुरवलेल्या मास्तुएर्सोच्या हिरव्या बिया मिळाल्या. तेओदोमिरोनं तीनदा वाढून घेतलं.

"कोमाद्रे, पुढल्या वर्षी अंगरखा तुमच्याच फुलांचा," तो म्हणाला. "आणि दोन्ही खांदे."

"मग आतापासूनच तोंड शिवून ठेव."

ऊन उतरलं तशी गारठ्यानं पायऱ्या झोंबू लागल्या. सेफेरिनानं पिवळी पडलेली पानं खुडून त्या तिघांपुढे टाकली, कंबरेवर हात ठेवला आणि झाडं आत न्यायला घेतली. पहिला नेहमीसारखा नवऱ्याचा बूट.