सात तुकड्यांतल्या माश्या आणि आमच्या ग्रेसीमॅडम

चार वर्षं मधमाश्यांच्या मागे फिरल्यावर घरात मध किती जमला, असं मला सगळे विचारतात. मध? चमचाभरही नाही हो! किस्से मात्र असे जमलेत की एक सांगायला घ्यावा तर मागून चार येतात, आणि चहा गार होतो. सगळे एका बाईमुळे.

ती बाई म्हणजे ग्रेसीमॅडम. अंधेरीच्या जुन्या गावठाणातल्या, आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. मी शुभा सावंत, त्यांची लॅब असिस्टंट. मॅडमचं काम ऐकायला सोपं. बोरिवली, आरे, मुलुंड, इथलं जंगल एकेकाळी सलग होतं. आता मध्ये रस्ते आणि टॉवर घुसून कडेकडेने त्याचे तुकडे पडलेत. असे सात तुकडे मॅडमनी निवडले आणि कुठल्या तुकड्यात कुठल्या रानमाश्या उरल्यात ते मोजायला घेतलं. पोळं बांधणाऱ्या नव्हेत, एकेकट्या राहणाऱ्या. त्यांच्याकडे मध नसतो, त्यामुळे त्यांना कुणी विचारत नाही.

सातवा तुकडा सगळ्यात छोटा. मुलुंडला, एका सोसायटीच्या मागची मातीची पट्टी. निळ्या पट्ट्यांच्या, जमिनीत बीळ करणाऱ्या माश्या सगळ्यात जास्त कुठे, तर तिथे! आणि यंदा तिथेच नोटीस लागली. पार्किंगसाठी पेव्हर ब्लॉक बसवणार. मॅडम नोटीस वाचून पायरीवर बसल्याच. चार वर्षांत मी त्यांना अशी हाय खाल्लेली पाहिली नव्हती. त्या नोटिशीचं काय झालं ते सांगते, पण आधी ही बाई काय चीज आहे ते कळू दे.

*

माश्या मोजायच्या म्हणजे पिवळ्या, निळ्या, पांढऱ्या वाट्या साबणाच्या पाण्याने भरून रानात ठेवायच्या. फूल समजून माशी येते आणि अडकते.

आरेत पहिल्याच दिवशी पंचवीस वाट्या मांडून आम्ही वडापाव खायला गेलो. परत येतो तर काय! मॉर्निंग वॉकचे एक काका प्रत्येक वाटीतलं पाणी ओतून, घासून, बाटलीतलं स्वच्छ पाणी भरत होते. वर बाजूला बाजरी!

"कुणीतरी पाखरांसाठी घाणेरडं पाणी ठेवलंय बघा," काका म्हणाले. "लोकांना अक्कल नाही!"

मी तोंड उघडणार तोच मॅडमनी माझा हात दाबला. काकांना म्हणाल्या, "देव तुमचं भलं करो." काका खूश होऊन गेले. माझा नुसता तिळपापड! सकाळची वाट लागली होती. मॅडमनी शांतपणे वही काढली आणि लिहिलं: "आज नमुने नाहीत. कारण: दयाळू काका."

*

मग नेलपॉलिशचा प्रकार. माशीला बर्फाच्या डब्यात दोन मिनिटं ठेवली की ती सुस्तावते. तेवढ्यात टूथपिकने पाठीवर ठिपका द्यायचा. आरेतल्या रस्त्याच्या अलीकडे ठिपके दिले आणि पलीकडे तीन दिवस फुलांपाशी बसून राहिलो. कोण कोण ओलांडून येतंय? काळे दांडगे भुंगे आले, आरामात. बारक्या माश्यांपैकी एक नाही. जेमतेम तांदळाएवढा जीव, तो गाड्यांच्या वाऱ्यात कुठे टिकणार!

आमच्याबरोबर पाड्यातल्या लक्ष्मीताई असायच्या. झाडं आम्हाला त्यांनीच शिकवली. त्या म्हणाल्या, "या बारक्या आमच्यासारख्याच. रस्ता रुंद झाला तशी माझी बहीण पलीकडे आणि मी अलीकडे. गाड्यांची भीती वाटते. सहा महिने झाले, भेट नाही."

मॅडमनी वही मिटली. लक्ष्मीताईंचा हात धरला, दुसऱ्या हाताने गाड्या थांबवल्या आणि त्यांना थेट बहिणीच्या दारात नेऊन उभं केलं. दोघी बहिणी गळ्यात पडून रडल्या, मीही रडले. त्या दिवशी मोजणी काही झाली नाही.

*

सगळ्याच माश्यांचे हाल होतात असं नाही हं. भोकात घर करणाऱ्या हुशार असतात. जंगल गेलं तर भिंतीत राहतात, खिडकीत राहतात. एकीने तर आमच्या स्टोअररूमच्या कुलपात घर केलं! बोगनवेलीच्या पानांचे गोल तुकडे कापून आणायची आणि चावीच्या भोकात कोंबायची. मॅडम तीन तास स्टुलावर बसून बघत होत्या. मी जेवणाचा डबा पुढे केला तर म्हणाल्या, "श्शू, सोळावं पान!"

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉल सर आले. परीक्षेचे पेपर स्टोअरमध्ये.

"मॅडम, चावी?"

"चावी आहे सर. पण आत भाडेकरू आलाय."

सरांनी चष्मा लावून कुलपात पाहिलं. मग शिपायाला सांगून दाराच्या बिजागऱ्या काढल्या, पेपर घेतले, दार परत बसवलं. कुलूप जसंच्या तसं. अशा बाईला नाही म्हणायची कुणाची टाप आहे?

*

एकाची होती. सोसायटीचे सेक्रेटरी पाटकर! मॅडम कमिटीपुढे उभ्या राहिल्या. पट्टीची गोष्ट सांगितली. एवढंच मागितलं, की माश्यांची पिल्लं बाहेर येईपर्यंत थांबा.

पाटकर म्हणाले, "मध किती निघतो?"

"एक थेंब नाही."

"मग फायदा काय?"

"तुमचा? मोजून सांगता येईल असा काही नाही."

खेळ खलास! बाहेर येऊन मी भडकलेच. "दोन शब्द खोटं बोलायचं ना मॅडम!"

"अगं बाय, खोटं बोलून वाचवलेली माशी मी कुठल्या कॉलमात लिहू?"

मला इतका राग आला होता आणि इतकं प्रेमही!

*

ब्लॉकचा टेम्पो सोमवारी यायचा होता. रविवारी मॅडमनी मुलुंडच्या बाजारातून बाळांच्या नऊ मच्छरदाण्या आणल्या. छत्रीसारख्या उघडतात त्या, गुलाबी, हत्तीच्या चित्रांच्या. पट्टीवर ओळीने मांडल्या.

ही माशी बिळात परागांचा गोळा ठेवते, त्यावर अंडं घालते, तोंड मातीने बुजवते आणि मरून जाते. पिल्लू आईला बघतच नाही. वेळ झाली की एकटंच माती उकरून वर येतं. वर आलं की जाळीत दिसणार. "टेम्पो येईपर्यंत जेवढी उठतील तेवढी तरी मोजता येतील," मॅडम म्हणाल्या. नाक लालबुंद झालं होतं त्यांचं.

सोमवारी टेम्पो आला. घमेली घेऊन बायका उतरल्या. सगळ्यात पुढची बाई मच्छरदाण्या बघून थबकली. मागच्यांना हातानेच थांबवलं आणि हळूच विचारलं, "कुणाची लेकरं हायत ओ?"

"आई नाही त्यांना," मॅडम म्हणाल्या. "मातीखाली झोपलीत. पंधरा दिवसांत उठतील."

बाई वाकली. बुजवलेल्या बिळांवरून बोट फिरवलं. घमेलं बाजूला ठेवलं आणि तिथेच बसली.

बाल्कनीतून पाटकर गरजले, "ए! बसलात काय? काम चालू करा!"

बाईने वर बघितलं आणि दटावलं, "हळू बोला की सायेब! झोपल्यात लेकरं."

पाटकर तरातरा खाली आले, भांडायलाच. बाईने त्यांच्यासाठी जाळीची कड उचलून धरली. ते वाकले. बराच वेळ वाकूनच होते. मग कंबर धरून उठले आणि म्हणाले, "पंधरा दिवस. सोळावा नाही!"

टेम्पो परत गेला.

बाराव्या दिवशी सकाळी लॅबमध्ये मॅडमचा फोन वाजला. पाटकर! मीच स्पीकर लावला. आवाज इतका बारीक की आम्ही दोघी फोनवर वाकलो.

"मॅडम, लवकर या. तिसऱ्या मच्छरदाणीतली उठली. निळी आहे हो, एकदम निळी! ब्लॉकवाल्याला मी नको म्हणून कळवलंय, ते नंतर बोलू. आधी या."

मॅडम पर्स उचलून दाराकडे धावल्या. मीच विचारलं, "पाटकरसाहेब, मोठ्याने बोला ना, ऐकू येत नाहीये."

"कसं बोलू?" ते कुजबुजले. "बाकीच्या झोपल्यात ना!"